सरळ बोट

अजून आठवलं की माझं टाळकं सरकतं. लढाईच्या दिवसांत भाजी महागली, तेव्हा वाशीमच्या घरामागे परसात मी जन्मात पहिल्यांदा दोडक्याचा वेल लावला. शेजारच्या काकी रोज सकाळी राखुंडीनं दात घासत कुंपणाशी यायच्या. तेच काळं बोट सरळ रोखून माझे दोडके मलाच दाखवायच्या. "हा एक लागला, बरं माय! तो पाय, पानाआड लपून राह्यला, बरं माय!"

कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते सडतं, म्हणून आमच्या आईनं बोट मुडपून दाखवायला शिकवलेलं. तसं म्हटलं, तर काकी फिस्कन हसल्या. "तुले पाणी घालता येत नाही, अन् माह्या बोटाले नावं ठेवतं? येडी कुठची!"

दोडके एकेक करून पिवळे पडले, सडले. माझ्याच हाताला गुण नाही, असं मी मुकाट्यानं मानलं.

मग एकदा विरजण मागायला त्यांच्याकडे गेले. परसातल्या मांडवावर हातभर दोडका लोंबत होता. "केवढा हो, काकी!" म्हणत मी हात उचलला, तोच त्यांनी माझं बोट करकचून मुडपलं.

"बोट वाकडं कर वं! सडन ना माहा दोडका, बरं माय!"