लपवलेली मेणबत्ती

काल वीज परत आली तशी नातीने फुंकर मारून मेणबत्ती विझवली, आणि त्या धुराच्या वासासरशी मी लग्नानंतरच्या ठाण्यात जाऊन पोहोचले.

चौथीत शाळा सुटलेली, देवगडहून आलेली मी. आई अत्यवस्थ असल्याची तार दुपारी आलेली, आणि बोट दुसऱ्या दिवशी सकाळची. हे गिरणीत पाळीवर होते. घरमालकीण फिलोमिना मावशीला मला खोलीत एकटीला ठेववेना, म्हणून ती संध्याकाळी मला आपल्याबरोबर चर्चमध्ये घेऊन गेली. ईस्टरच्या आधीचा आठवडा होता. समोर गाणारे लॅटिनमधून गात होते आणि एकेक गाणं संपलं की एकेक मेणबत्ती विझवत होते. प्रत्येक ज्योत गेली की मला आईच दिसायची. शेवटची उरली, तीही कुणीतरी उचलून नेली. मग अंधारात सगळे बाकांवर धडाधड पुस्तकं आपटू लागले. छप्परच कोसळलं असं वाटून मी पळायला उठले.

मावशीने हात धरला. "बस गो बाय! आपटायची रीतच हाय. मेणबत्ती इझवली नाय, मागे लपवलीय. आता आणतील."

"आणि गाण्यात काय म्हणत होते?"

"रडत होते. देव मेला म्हणून."

खरंच ती ज्योत परत आली. मी मात्र बाहेर येईपर्यंत मावशीचा हात सोडला नाही.

गावी पोहोचले तेव्हा आई गेली होती. अंगणातूनच बायकांचं रडणं ऐकू आलं. वाटेत इतकी घाबरले होते, पण तिथे पाय अडखळले नाहीत. तो सूर ओळखीचा होता, चर्चमधल्या त्या गाण्यात ऐकलेला. तो कुणामुळे ओळखीचा झाला, हे मावशीला सांगायचं राहूनच गेलं.