खोडलेली मरळ

देवानंदच्या नंबरवरून फोन आला की गेले दोन-अडीच महिने मी दचकायचो. त्या सकाळीही आला. मी पुसदच्या घरी अंगणात दाढी करत बसलो होतो. साबणाच्या हातानंच फोन उचलला आणि उसनं अवसान आणून म्हटलं, "बोल लेका." पलीकडून बोलल्या त्या शोभावहिनी, त्याची बायको. "भाऊजी, मी बोलून राह्यली. हे गेले... चहा पिता पिता, तळ्यापाशीच." खरं तेच लिहायचं म्हणून बसलो आहे, तर हेही लिहितो. दुसरं काही कळायच्या आधी, अर्धा क्षण, मला हायसं वाटलं. बोलणारा तो नव्हता म्हणून. शाळेपासूनचा मित्र गेल्याची बातमी कानात पडत होती आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्या अर्ध्या क्षणानं माझी पाठ अजून सोडलेली नाही.

आम्ही दोघं फुलसावंगीचे. मी पोस्टात चिकटलो, निवृत्त झालो, पुसदला घर केलं. तो गावातच राहिला आणि पंपांच्या जळालेल्या मोटारी भरत राहिला. पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरींचं पाणी देवानंदनं गुंडाळलेल्या तारेवर वर येतं. माझ्या गळ्यात माळ, म्हणून तो मला महाराज म्हणायचा. तो पौर्णिमा न चुकवता विहारात जायचा, म्हणून मी त्याला भंतेजी म्हणायचो. चिडायचो मात्र मीच. त्याला राग यायचा तो फक्त अंदाजपंचे काम करणाऱ्याचा. मोटार उघडून बघितल्याशिवाय तो तिच्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही, आणि माणसांच्या बाबतीतही त्याचा तोच खाक्या होता.

दुरुस्त केलेले पंप चालवून बघायला पाणी लागतं, म्हणून त्यानं परसात एक खड्डा खणला होता. तो रुंद होत होत दीड खोलीएवढं तळं झालं. मग कोणीतरी हौसेनं त्यात टिलापियाची चार पिल्लं सोडली. ती जात एवढी वाढली की दुसऱ्या वर्षी पाणी कमी आणि मासे जास्त, तेही बोटाएवढेच, उपाशी. "खाणारा पाह्यजे, महाराज," देवानंद म्हणाला. "पण आपला पाह्यजे." झालं, त्यानं एक वही घातली. दुसऱ्या कोणी बाजारातून दोन मासे आणून सोडले असते. हा मत्स्यविभागाच्या कार्यालयात खेटे घालून आला. पैनगंगेवर जाळं टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या भोयाच्या ओसरीवर दोन दुपारी बसून आला. वहीत एकेका माशाचं नाव टिपलं. शिवडा लिहिला आणि पुढे लिहिलं, हातभर वाढतो, तळ्यात दुसरं काही ठेवणार नाही. शिंगाडा, याला वाहतं पाणी लागतं. वाम, चिखलात दडून बसते, काम करणार नाही. शोभेच्या माशांच्या दुकानदारानं कुठला तरी परदेशी दातवाला मासा सुचवला, तेव्हा त्यालाच त्यानं फैलावर घेतलं. "आमचं तळं भरलं का नाल्यात जाते, नाला पैनगंगेत जाते. तिथून तू काढून देशीन का?"

शेवटी मरळ ठरली. इथलीच, वर येऊन हवा घेणारी, मे महिन्यात गुडघाभर पाण्यात तग धरणारी, आणि पिल्लं मोठी होईस्तोवर त्यांच्याजवळून न हलणारी. हे शेवटचं त्याला फार आवडलं होतं. वहीत 'मरळ' या शब्दाखाली त्यानं दोन रेघा ओढल्या. पावसाळ्यात नदीतली धरायची नाही म्हणून परवाना असलेल्या केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आणली. पावसात मरळ काठ चढून चालू लागते, म्हणून तळ्याभोवती जाळी लावली. एका जुन्या मोटारीचं बिडाचं जाड कव्हर उलटं घालून त्याची बैठक केली. सकाळी चहाचा कप घेऊन तो तिथे बसायचा, टमरेल दगडावर दोनदा वाजवायचा आणि थांबायचा. पाण्यात डुबुक आवाज व्हायचा. एक काळं चपटं डोकं वर यायचं आणि जायचं. "हजेरी लागली," तो म्हणायचा.

आता माझी गोष्ट. वहीत मरळीच्या खाली त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'देशी मांगूर, मिळाला तर.' ते माझ्या डोक्यात बसलं. गेल्या उन्हाळ्यात पुसदच्या बाजारात एका विक्रेत्याच्या ड्रममध्ये मिशाळ काळी पिल्लं वळवळताना दिसली. "देशीच हाये काका, घेऊन जा बिनधास्त." मी आयुष्यात मासा ताटात घेतला नाही, मला काय डोंबल कळणार! सहा पिल्लं कॅनमध्ये घालून, बसमध्ये मांडीवर धरून मी फुलसावंगीला गेलो. मित्राला चकित करायचं होतं.

त्यानं कॅन उन्हात धरला. एकेक पिल्लू निरखून पाहिलं.

"महाराज, हे आपलं नाई. याचं डोकं पाह्य, अंगावरचे डाग पाह्य. थाई मांगूर हाये हे. बंदी हाये याच्यावर."

"एवढीशी तर हायेत."

"एवढीशीच असतात. मंग पाण्यात दुसरं काही ठेवत नाईत. आपलाच मांगूर यायनं संपवत आणला." मग कोपऱ्यातलं फावडं माझ्या हातात दिलं. "तू आणले, तूच मातीत घाल."

"माझ्या गळ्यात माळ हाये, देवा."

"पंचशील मीबी म्हणतो," तो म्हणाला, आणि एका शेतकऱ्याची मोटार बसवायला निघून गेला.

मी जांभळीखाली खड्डा खणला. कॅन शेजारी ठेवला. ती पिल्लं झाकणाशी येऊन तोंड उघडत होती, आणि माझा हात काही उचलेना. नाल्यात सोडावी तर नाला पैनगंगेत जातो, हे त्याचं बोलणं आठवलं. मग मला एक युक्ती सुचली, आणि तेव्हा ती मला फार शहाणपणाची वाटली. तळ्यात मरळ आहे. बोटभर पिल्लांचा ती एका दिवसात फडशा पाडील. म्हणजे ती मरतील, पण मी मारलेली नसतील. मी कॅन तळ्यात ओतला, रिकामा खड्डा बुजवला आणि वरून फावड्यानं चोपला. देवानंद आला, त्यानं ताज्या मातीकडे एक नजर टाकली आणि वहिनींना चहा ठेवायला सांगितला. प्रत्येक मोटार उघडून बघणाऱ्या माणसानं तो खड्डा मात्र उघडून बघितला नाही.

पावसाळ्यात त्याचा फोन आला, आनंद आवाजात मावत नव्हता. "ये, लवकर ये." मी गेलो. पाण्यावर लालसर पिल्लांचा एक पुंजका हलत होता आणि त्याच्या खाली मरळीची जोडी, एक या अंगाला, एक त्या अंगाला. आम्ही दोघं म्हातारे काठावर उकिडवे बसून तासभर ते बघत राहिलो. आठवड्यानं पिल्लं दिसेनाशी झाली. मग जोडीतली एक गेली. नंतर टमरेल वाजवलं की गढूळ पाण्यात डुबुक व्हायचं, पण डोकं नीट दिसायचं नाही.

मी पुन्हा गेलो तेव्हा तो कव्हरवर बसून होता, वही मांडीवर. "मरळ कधी कधी आपलेच पिल्लं खाते म्हणतेत. म्या काहून इचार नाई केला? माही निवडच चुकली, अनंता." त्या दिवशी महाराज म्हणाला नाही. मला तेव्हाच सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी म्हटलं, "असंल." एवढंच. त्यानंतर त्यानं वही उघडलेली मी पाहिली नाही. फोन मात्र करायचा, आणि मी प्रत्येक वेळी त्याला कळलं असेल या भीतीनं उचलायचो. ते दोन-अडीच महिने. मग तो शेवटचा फोन.

तो गेल्यानंतरच्या जलदानाच्या विधीला मी गेलो, पुष्कळ माणसं होती, कॅनची गोष्ट सांगितली नाही. काही आठवड्यांनी वहिनींनीच बोलावलं. "तळं उपसून टाकू, भाऊजी. सकाळी पाण्यात कोणी वर येते न् जाते. मले वाटते हेच बसले हायेत." त्याच्याच हातानं भरलेल्या मोटारीनं पाणी उपसलं. तळाच्या चिखलात चार जाड अंगं वळवळत होती, मनगटापेक्षा मोठी, लांब मिशांची. टिलापिया संपले होते, मरळ एकही नव्हती.

"हे काय हाये?" वहिनींनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. कॅन, खड्डा, 'असंल', सगळं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या आणि फावडं घेऊन आल्या. "तुमी आणले. तुमीच मातीत घाला." त्याचं हे वाक्य तेवढं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी माळ काढून खिशात ठेवली. जांभळीखाली तोच खड्डा उकरला. या वेळी चौघांनाही त्यात घातलं. हात धुवून आलो तर वहिनी वही उघडून बसल्या होत्या. 'मरळ' या शब्दाखाली त्या दोन रेघा होत्या, आणि शब्दावर आडवा फराटा. बाजूला देवानंदच्या टपोऱ्या अक्षरात, 'माझी चूक.'

"दुरुस्त करा," वहिनी म्हणाल्या.

मी खाली लिहिलं, 'मरळ बरोबर होती. चूक अनंताची.' त्यांनी ते दोनदा वाचलं. "आता हे त्यायले कोण वाचून दाखवीन?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तळ्यात आता पुन्हा विहिरीचं पाणी भरलं आहे. मासा एकही नाही, तळाचे दगड दिसतात. मी आठवड्याला बसनं जातो. वहिनी चहाचा कप बाहेर आणून ठेवतात, माझ्याशी फारसं बोलत नाहीत. मी त्या कव्हरवर बसत नाही, शेजारी जमिनीवर बसतो. वही उघडून ती ओळ मोठ्यानं वाचतो. मग टमरेल दगडावर दोनदा वाजवतो आणि थांबतो... चहा निवून जाईपर्यंत थांबतो.