ओळंब्याचं आमेन

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. गवंडी होता, आणि भिंत असो की माणूस, सूतभर कललेलं त्याला खपत नसे. नाव त्याच्या बायकोने ठेवलं. "माझ्या घरात दोन ओळंबे आहेत," ती म्हणायची, "एक दोरीला टांगलेला आणि एक माझ्या गळ्यात."

काम तपासायची त्याची एक रीत होती. गिलावा वाळला की थापीच्या मुठीने तो भिंत वाजवत जायचा. आवाज खणखणीत आला की पुढे. बद्द आला की खडूने गोल काढायचा आणि एकच शब्द बोलायचा, "पोकळ." नवख्याला वाटायचं, झालं, उद्यापासून घरी. जुनी माणसं हसायची. तेवढ्या गोलातला गिलावा काढायचा, विटा धुवायच्या, टाचे मारून त्या खरबरीत करायच्या आणि पुन्हा भरायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. भिंतीला कुणी हात लावत नसे. जेवायच्या सुट्टीत ओळंबा त्याच माणसाशेजारी बसायचा. आणि शब्द बोलायचा तो समोर उभं राहून, धूळ दोघांच्या नाकात जाईल इतक्या जवळून.

गुडघ्यांनी जवाब दिला तसं काम सुटलं. मग बायको अंथरुणाला खिळली. तेव्हा त्यांच्या चर्चच्या मंडळीत नवा पाळक आला होता. वयाने ओळंब्याच्या मुलीएवढा. देवळातल्या म्हाताऱ्यांनी त्याला बघून नाकं मुरडली होती, ओळंब्यानेही. पण हा पोरगा रोज घरी यायचा. प्रार्थना लहान करायचा आणि जाताना पाण्याची बादली भरून ठेवायचा. मोठ्या प्रार्थना करणारे पाळक ओळंब्याने पुष्कळ पाहिले होते. बादली भरणारा पहिलाच.

बायको गेली. शवपेटी सुताराने केली. ओळंब्याची आणि सुताराची दोस्ती मिसरूड फुटायच्या आधीची. सगळे सांधे खाचेचे, वरून एक खिळा दिसेल तर शपथ. "वहिनीच्या डोक्याशी खिळा नको," एवढंच सुतार म्हणाला, आणि दोन दिवस दुकानाचं दार लावून एकटा काम करत राहिला.

पुढे ओळंबा मुलीकडे राहायला आला. खाण्यापिण्याची ददात नव्हती. जावई भला, मुलगी जीव लावणारी. पण सकाळपासून रात्रीपर्यंत त्याला कुणी काही विचारत नसे. "बाबा, तुम्ही बसा," एवढंच. जन्मभर ज्याला दहा माणसं विचारत आली, तो बसून बसून गंजायला लागला.

एका शनिवारी पाळकाने त्याला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि दुसऱ्या दिवशीचा उपदेश वाचून दाखवला. "वाजवून बघा, मामा," तो म्हणाला. "कुठे बद्द आवाज येतो ते सांगा."

तेव्हापासून दर शनिवारी तेच. पाळकीणबाई पोळपाटावरून मान न वळवता म्हणायच्या, "मी बोलले की यांचं तोंड फुगतं. तुम्ही बोललात की लगेच पेन्सिल निघते. काय जादू करता, मामा?"

"जादू कसली, ताई. मी घरी जातो, तुम्ही जात नाही."

ओळंबा आठवडा ढकलायचा तो त्या खुर्चीसाठी.

मग तो शोकाबद्दलचा उपदेश आला. पाळक वाचत होता, "शोक करणाऱ्याला प्रभू तत्काळ दिलासा देतो."

"पोकळ," ओळंबा म्हणाला.

"कुठे?"

"तत्काळ. तू रोज येत होतास आमच्याकडे. तुला दिसला का तत्काळ?"

पाळकीणबाईंनी गॅस बारीक केला. पाळक कागदाकडे बघत राहिला. "नाही दिसला, मामा," तो हळू म्हणाला. मग त्याने तो एक शब्द खोडला नाही, सबंध पान खोडलं. त्यांच्यासमोर बसून पुन्हा लिहायला घेतलं. पोळ्या गार झाल्या तरी उठला नाही.

रविवारी तो उपदेश ऐकताना मागच्या बाकांवर बायका पदराने डोळे पुसत होत्या. शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले. ओळंब्याला उठता आलं नाही. गुडघ्यांमुळे नव्हे.

सोमवारी तो सुताराच्या दुकानात गेला. आनंद पोटात मावत नव्हता. "पोराने पोकळ जागा मुळापासून काढली रे. कुरकुर नाही, कारणं नाहीत. आपल्या हाताखालच्या कुणी काढली होती का अशी?"

सुतार फळीवर रंधा मारत होता. "म्हणजे पोकळ होतं म्हण की."

"होतं. मग भरलं."

"हं," सुतार म्हणाला आणि रंधा चालू ठेवला.

ओळंब्याला त्या 'हं'मध्ये काही ऐकू आलं नाही. भिंती वाजवणारा माणूस दोस्ताला कधी वाजवून बघत नाही.

त्याच आठवड्यात मुलीच्या न्हाणीघराची फरशी बसवायला तो स्वतः बसला होता. जावयाने कारागीर आणतो म्हटलं, तर ओळंब्याने असं पाहिलं की तो कामावर निघून गेला. हात कोपरापर्यंत सिमेंटमध्ये, आणि खिडकीत ठेवलेला फोन वाजला. मंडळीचा ग्रुप. वर सुताराचं नाव, खाली ठळक अक्षरांत 'प्रार्थना विनंती'. मजकूर लांब होता, पुढचा दाबल्याशिवाय उघडत नव्हता.

ग्रुपवर अशा विनंत्या रोज येत. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा. भावाने प्रार्थना मागितली की आपण आमेन म्हणायचं. लहानपणापासून जिभेला वळणच ते. प्रार्थनेला कुणी लेव्हल लावून बघत नाही. ओळंब्याने करंगळी विजारीला पुसली, 'आ' दाबला, फोनने स्वतःच 'आमेन' पुढे केलं. पाठवलं, आणि तो पुन्हा फरशीकडे वळला.

दुपारी मुलीचा कामावरून फोन आला. आवाज चढलेला. "बाबा, तुम्ही वाचलंत का ते?"

"काय?"

"ज्याला आमेन म्हणालात ते!"

मग तिनेच वाचून दाखवलं. "'आपल्या पाळकांचे उपदेश आतून पोकळ आहेत, असं मंडळीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी, ज्यांचं आयुष्य बांधकामात गेलं, जड अंतःकरणाने सांगितलं आहे. कुणाचंही नाव न घेता सर्वांनी प्रेमाने प्रार्थना करावी, की प्रभूने पाळकांना या पोकळपणातून सोडवावं.' बाबा, मंडळीत गवंडी एकच आहे. आणि खाली पहिलं आमेन तुमचं आहे."

ओळंबा उलट्या बादलीवर बसला.

मुलगी वाचत राहिली. कुणीतरी ते ग्रुपवरून उचलून मंडळीच्या ऑनलाइन पानावर टाकलं होतं, जिथे रविवारची उपासना दिसते आणि जिथे कधी तोंड न पाहिलेली माणसंही येतात. तिथे तर जत्राच भरली होती. एकाने लिहिलं होतं, "बडा घर पोकळ वासा!" आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. दुसऱ्याने, "प्रेमाने सांगतो, पाळकसाहेबांनी आधी स्वतःचं तारण झालंय का ते तपासावं." तिसरी बाई, "आमच्याकडेही असाच एक ढोल होता. उपास-प्रार्थना करून घालवला. प्रभूची स्तुती असो." एकाने या बाईंना भाषा सांभाळायला सांगितली होती, त्याला उत्तर होतं, "नम्रपणे सुचवते की आपण ढोंगी आहात." प्रेमाने, नम्रपणे, जड अंतःकरणाने. प्रत्येक दगड कापडात गुंडाळलेला.

सगळ्यांत खाली पाळकाची ओळ होती. "प्रार्थनेबद्दल सर्वांचा आभारी आहे."

"पुरे," ओळंबा म्हणाला. सिमेंट घट्ट होत आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कालवलेला माल तसाच टाकून तो उठला.

दार पाळकाने उघडलं. "या, काका," तो म्हणाला.

मामा नाही, काका. ओळंबा स्वयंपाकघराकडे वळत होता. पाळकाने त्याला बाहेरच्या खोलीत सोफ्याकडे हात केला. विजारीला सिमेंट होतं, म्हणून ओळंबा कडेला टेकला.

"मी तसं म्हणालो नाही रे."

"पोकळ म्हणाला नव्हतात?"

"म्हणालो. तुला म्हणालो. तुझ्या ओट्याजवळ बसून."

"आणि सुतारांना?"

"त्याला मी सांगितलं, तू ती जागा कशी भरलीस. कौतुक केलं रे तुझं."

"आणि आमेन?"

"ते मी वाचलं नव्हतं."

"न वाचता आमेन?"

"प्रार्थना होती ना ती!" ओळंबा म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याच्या स्वतःच्या कानाला ते बद्द लागलं.

पाळक हसला. देवळाच्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना मिळतं ते हसू. "काका, माझ्या मनात काही नाही. मी सगळ्यांना क्षमा केली आहे."

"क्षमेची कशाला घाई करतोस? आधी ऐकून तरी घे. रागव माझ्यावर. चार शब्द सुनाव."

"छे, छे. आपण प्रभूची माणसं. सभ्यपणा सोडून कसं चालेल?"

आत भांडी वाजत होती. पाळकीणबाई बाहेर आल्या नाहीत. ओळंब्याने एकदा तिकडे पाहिलं आणि विचारायला आला होता ते विचारलं. "शनिवारी येऊ?"

"शनिवारी जरा धावपळ आहे. आणि तुम्ही कशाला गुडघ्यांना त्रास देता?" पाळक उठला. दार त्याने इतक्या अदबीने उघडलं, की त्यापेक्षा अंगावर आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिथून तो तडक सुताराकडे गेला. सुताराने त्याला बघितलं आणि मशीन बंद केली.

"पुसून टाक ते," ओळंबा म्हणाला.

"काय खोटं लिहिलंय? तूच म्हणालास पोकळ."

"एका शब्दाला म्हणालो."

"मी नाव घेतलं का तुझं? शिवी दिली? प्रार्थनाच मागितली ना? आता प्रार्थना मागणंही पाप झालं का?"

"माझ्याशी तरी देवळातलं बोलू नको. काय झालंय ते सांग."

सुताराने भुसा झटकला. बराच वेळ झटकत राहिला. मग म्हणाला, "पीठ."

देवळातलं उपदेशाचं लाकडी पीठ सुताराने तरुणपणी केलं होतं. सागवानी, कडेने द्राक्षवेल कोरलेला. उपासना फोनवरून दाखवायला लागल्यावर पाळकाने ते कोपऱ्यात हलवलं. त्याच्या आड पाळकाचं अर्धं अंग झाकलं जायचं, कॅमेऱ्यात नुसतं डोकं दिसायचं. आता तिथे लोखंडी स्टँड होता.

"त्यावर फुलदाणी ठेवतात आता," सुतार म्हणाला. "पाण्याचे डाग पडलेत वेलावर. तुला दिसले नाहीत? तुला सगळं दिसतं."

ओळंब्याला खरंच दिसले नव्हते. त्याने ते मनात नोंदवलं, पण मान खाली घातली नाही. "मग त्याच्या तोंडावर का नाही बोललास?"

"माझं कोण ऐकतो? मंडळीतला एक पुढारी म्हणाला, लाकूड म्हणजे मूर्ती नव्हे, बंधू, मोह सोडा. तुझ्या शब्दाला वजन आहे. तू पोकळ म्हटलंस की लोक भिंत काढतात."

"म्हणून तू माझ्या तोंडून बोललास."

सुताराने रंधा हातात घेतला, परत ठेवला.

"आणि त्याची माझी एक खुर्ची होती रे," ओळंबा म्हणाला. "तेवढीच होती. ती गेली."

सुताराचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. ओळंबा त्याला चांगला ओळखत होता. सुताराने फळ्या पायाने बाजूला सारल्या, जमिनीवर जागा केली. "चल, दोघं गुडघे टेकू. जे काही असेल ते प्रभूपुढे ठेवू. उठल्यावर पुसून टाकतो."

किती आजारपणं, किती मरणं, त्या दोघांनी अशीच शेजारी शेजारी गुडघ्यावर काढली होती. ओळंबा उभाच राहिला.

"नको," तो म्हणाला. "तुझ्यासमोर प्रार्थनेत काही बोलायची मला भीती वाटते आता."

आणि तो निघाला. सुताराने संध्याकाळी ते पुसलंही. त्या जागी लिहिलं, "कुणाच्या भावना अनवधानाने दुखावल्या असल्यास प्रेमाने क्षमा असावी." त्यालाही आमेन आली. तोवर पानावरचं पुढे कुठे कुठे पोचलं होतं, ते पुसणं कुणाच्याच हातात नव्हतं.

शनिवार आला आणि गेला. मुलीने विचारलं, "जाणार नाही, बाबा?" तो म्हणाला, "धावपळ आहे त्यांची."

रविवारी तो नेहमीच्या बाकावर बसला. सुतार पलीकडच्या टोकाला. पाळक स्टँडमागे उभा राहिला आणि उपदेश वाचला. वाचलाच, मान वर केली नाही. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला एक वचन बांधलेलं, सुरीचं टोकही कुठे शिरू नये असं. शोक नाही, दुखणं नाही, कुणाचं घर नाही, कुणाची खाट नाही. गुळगुळीत. ओळंब्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बद्द आवाज येत राहिला. आजूबाजूला माना डोलत होत्या. पुढच्या बाकावरची बाई फोनवरून मंडळीच्या पानावर लिहीत होती, "सामर्थ्यशाली संदेश."

उपासना सुटली. दारात पाळक एकेकाचा हात हातात घेत उभा होता. रांग सरकत सरकत ओळंब्यापाशी आली. मागे माणसं होती, बाजूला कुणाचा तरी फोन वर धरलेला.

"कसा वाटला उपदेश, काका?" पाळकाने विचारलं.

ओळंब्याने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं पोराच्या. आठवडाभर झोपला नसावा. क्षणभर त्याची नजर ओळंब्याच्या तोंडावर थांबली, ओट्याजवळ थांबायची तशी.

"छान झाला," ओळंबा म्हणाला.

पाळकाची नजर खाली गेली. "आभारी आहे," तो म्हणाला, आणि त्याने मागच्या माणसापुढे हात केला.