घरचं आदण

आमच्या कोडोलीकडच्या गुऱ्हाळांत दोन तऱ्हेचा गूळ निघायचा आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटायचं नाही. बाजाराचा पिवळाधमक, घरचा तांबूस-काळपट. काहिलीत एका वेळी जेवढा रस शिजतो त्याला आदण म्हणतात. हंगामात एक आदण घरचं म्हणून वेगळं काढत. त्यात मळी वर आणायला भेंडीचा रस पडे, दुसरं काही नाही. त्या ढेपा भावकीत वाटल्या जात. घरचा गूळ दारात आला की समजायचं, आपण अजून त्यांच्यातले आहोत. वडील गेल्यावर चुलत्यांच्या गुऱ्हाळातून आम्हाला दरवर्षी एक ढेप यायची आणि आई ती देवापुढं ठेवल्याशिवाय फोडायची नाही.

बाजाराच्या गुळात रंग उजळायला पांढरी पूड घालत. नव्वदीच्या सुरुवातीला ती एकदोघांकडंच असायची. माझ्या चुलत्यांनी, आप्पांनी, दोन हंगाम कळ काढली. कोल्हापूरच्या सौद्यात त्यांच्या ढेपांसमोर व्यापारी थांबायचे नाहीत. शेजारचे गुऱ्हाळवाले मात्र थांबायचे आणि विचारायचे, आप्पा, दारूच्या भट्टीसाठी गूळ करताय काय? शेवटी आप्पांनीही पोतं आणलं. मग शेजारच्याचा गूळ जास्त उजळ दिसला म्हणून यांची मूठ वाढली, आणि यांची वाढली म्हणून त्याची. आदण शिजवणारा गुळव्या तोंडाला टॉवेल गुंडाळून पूड टाकायचा आणि किती तरी वेळ खोकत बसायचा.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवायचो. हे पोटात जाणं बरं नाही, असं मी आप्पांना परोपरीनं सांगून पाहिलं. ते म्हणाले, आम्ही खातो कुठं? हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, की मला राग यायलाही वेळ लागला.

पुढं एकदा कोल्हापुरात किराणा घेत होतो. शेजारी एक बाई लेकीच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी गूळ निवडत होत्या. दुकानदारानं काळपट ढेप पुढं केली, ती त्यांनी बोटानं बाजूला सारली. घाण दिसतोय, म्हणाल्या, आणि सगळ्यात पिवळा गूळ घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवली, भेसळ तपासणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो आणि तिथल्या साहेबांना सगळं सांगितलं. सगळ्या गुऱ्हाळांची नावं दिली, त्यात पहिलं आप्पांचं. आपलं झाकायचं आणि लोकांचं उघडं पाडायचं, हे मला जमलं नसतं.

जीप आली ती रविवारी, आप्पांच्याच दारात. मीही तिथं होतो. गुऱ्हाळावर आलेला माणूस कोरड्या तोंडानं जात नाही, मग साहेब कसे जातील? त्यांना रस झाला, काकवी झाली, तोवर पुडीचं पोतं चिपाडाच्या ढिगाखाली गेलं. भिंतीकडच्या घरच्या गुळाचा खडा आप्पांनी त्यांच्या हातावर ठेवला. साहेबांनी चघळून विचारलं, असा गूळ बाजारात का मिळत नाही हो?

मी म्हणालो, "साहेब, हा घरचा आहे. बाजाराचा तिकडं झाकलाय. पूड चिपाडात आहे."

साहेबांनी गुळव्याकडं पाहिलं. मला वाटलं, हा तरी बोलेल, याच्या तर छातीचा भाता झालाय. तो आधी खोकला, मग म्हणाला, "आमच्यात समदा गूळ असाच हुतो, साहेब."

साहेबांनी घरच्याच गुळाचा नमुना घेतला. चिपाडाला त्यांनी हातही लावला नाही. जाताना एक ढेप जीपमध्ये चढवली गेली, तीही घरचीच.

जीप गेल्यावर आप्पा माझ्याजवळ आले. मला वाटलं, हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं.

"समदी घालत्यात म्हणून मी घालतो," ते म्हणाले. "तू समद्यांची नावं घेतलीस, पर जीप माझ्याच दारात आली की. आता पुढल्या वक्ताला काय करायचं ते बघून ठेव, मास्तर."

मास्तर. त्याआधी त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं.

पुढच्या हंगामात गुऱ्हाळं जोरात चालली, धूर आमच्या अंगणातून दिसायचा. ढेप काही येईना. जरा वाजलं की आई दाराकडं बघायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गडी आला, सोप्यात ढेप ठेवून पाणीही न पिता गेला. आईनं वरचं फडकं काढलं. आत पिवळाधमक गूळ.

मी ढेप उचलली आणि निघालो. आईनं हात धरला.

"परत धाडू नगंस," ती म्हणाली. "धाडलास तर एवढंबी राह्याचं न्हाय."

देवापुढं न ठेवताच तिनं ढेप फोडली आणि पोळ्या केल्या. तेव्हापासून दर संक्रांतीला तशीच ढेप येते. आई गेली त्या वर्षीही आली. आणि आम्ही ती खातो.