मुंडाशासकट डोकं

माणूस चोर निघणार की साव, हे त्याच्या जन्माआधीच मेंदूत ठरलेलं असतं, आणि मेंदू केवढा ते डोक्याच्या घेरावरून कळतं. हे सत्य एकोणीसशे तीसच्या सुमारास भोरला पोहोचलं. एका निवृत्त डॉक्टरांनी ते मुंबईहून एका जाड पुस्तकातून आणलं होतं. सोबत मोजायची फीत होती. मी तेव्हा शाळामास्तर होतो. अक्षर बरं म्हणून डॉक्टर मला आकडे लिहायला बसवत.

त्यांच्या देवघरातली चांदीची पंचपात्री नाहीशी झाली. संशय आला वेल्ह्याकडून तूप घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्यावर. डोकं ठरलेल्या मापाहून लहान भरलं, तर त्याला फौजदाराच्या हवाली करायचं, असं डॉक्टरांनी जाहीर केलं.

"मुंडासं काढ."

"न्हाई जमायचं, डाक्टरसायेब. बाप जिता हाय माजा. उघडं डोसकं कसं करू?"

शास्त्राला तडजोड करावी लागली. डॉक्टरांनी मुंडाशावरूनच फीत फिरवली आणि कापडाची जाडी वजा करायचं ठरवलं.

"किती हात आहे?"

"बारा. पेठंतनंच घेतलंय."

बारा हातांची जाडी वजा जाताच डोकं मापाखाली गेलं. "जन्मजात," डॉक्टर म्हणाले. मी लिहिलं. तरी खात्रीसाठी त्यांनी कापड विकणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. त्यानंही छातीवर हात ठेवून बाराच सांगितले.

शेतकरी उठला. "चला मग कचेरीत. बाप हितंच बाजारात हाय, त्यालाबी संगं घेतो. त्याच्या डोईचंबी तुमच्याच दुकानातलं हाय, शेटजी. त्याचा बाप कवाच गेलाय, त्याला उघडं डोसकं चालतंय. त्याचं सोडून गजानं मोजू समद्यांम्होरं."

दुकानदाराने कपाळ पुसलं.

"डॉक्टरसाहेब, बारा म्हणजे... बोलायचे बारा. भरायला दहा."

"दोघांचंही?"

"सगळ्यांचंच."

डॉक्टरांनी हिशेब पुन्हा केला. दोन हात कापड कमी झाल्याबरोबर मेंदू वाढला आणि माणूस प्रामाणिक ठरला. मी 'जन्मजात' खोडून 'निर्दोष' लिहिलं. तो तुपाचं भांडं उचलून बापाला शोधायला गेला. पंचपात्री आठवड्याने निर्माल्यात सापडली. त्याची नोंद वहीत नाही.

दुकानदाराचं डोकं मात्र कोणी मोजलं नाही. तो टोपी घालत असे, आणि ती त्याने आल्या आल्या काढून मांडीवर ठेवली होती.