वहीत नसलेल्या ओळी

चौतीस वर्षं दवाखान्यात काढल्यामुळे सगळे त्याला कंपाउंडरच म्हणत. डॉक्टरांचं अक्षर असं, की लिहिणाऱ्यालाही पुन्हा वाचता येऊ नये. पण चिठ्ठीतल्या औषधांच्या दोन-दोन अक्षरांच्या खुणा हा झटक्यात ओळखायचा, आणि त्याचा त्याला मनातून चांगलाच ताठा होता. बायकोच्या विणकामाच्या वहीनं तो पार उतरवला.

दोन महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी विणायला घेतलेला स्वेटर पाठीच्या अर्ध्यावरच सुयांवर अडकून राहिला. "बाळाच्या अंगावर पहिलं आजीचंच चढणार," असं लेक सारखं म्हणायची. आता तिला नववा लागला होता. कंपाउंडरनं सुया हातात घेतल्या.

वहीत लिहिलं होतं: सु ३, लोपु, ए, उ २. तो वही घेऊन लोकरीच्या दुकानात गेला.

"सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "ए म्हणजे दोन टाके एकत्र. लोपु म्हणजे लोकर पुढे घ्यायची, तिथं जाळी पडते. सोपं आहे हो काका."

"सोपं असतं तर आलो असतो का?"

बाईंनी गल्ल्याशेजारी बसवून त्याला हे सगळे टाके शिकवले.

आठ दिवस तो बायकोच्या पलंगाशी बसून विणत होता. चौदा ओळी झाल्या. खाली तिची पानांची नक्षी होती आणि वर याचं काम उंदरानं कुरतडल्यासारखं. त्यानं तीनदा वहीशी ताडून पाहिलं. एक अक्षर चुकलं नव्हतं. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

"अगं, वहीत आहे तस्संच केलंय. कुठं चुकलं ते सांग ना," तो म्हणाला, आणि लगेच त्यानं जीभ चावली.

तिनं डाव्या हातानं सुई उपसली आणि लोकर ओढली. आठ दिवसांचं काम सरसर उसवत गेलं. त्यानं अडवलं नाही. स्वतःच्या शेवटच्या ओळीवर ती बरोबर थांबली. त्यानं घाईघाईनं टाके पुन्हा सुईवर घेतले. मग तिनं कापड उलटं केलं, मागच्या बाजूवर बोट ठेवलं, नंतर वहीवर, आणि नाही अशी मान हलवली.

त्यानं वही जवळ ओढली. ओळींचे आकडे एक, तीन, पाच असे होते. तिचं गबाळं काम समजून त्यानं तिकडे लक्षच दिलं नव्हतं. एक ओळ संपली की कापड उलटं धरून पुढची विणायची. ती मागची ओळ तिनं कधी लिहिलीच नव्हती. आणि हा वहीतल्याच ओळी दोन्ही बाजूंनी विणत सुटला होता.

"मग मागच्या ओळी कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

तिनं डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात उचलला आणि त्याच्या मांडीवरच्या वहीवर ठेवला.