तीन पायऱ्यांचं कपाट

आमच्या वाचनालयाच्या बाई एरवी शांत. पण त्या उन्हाळ्यात त्यांचं डोकं फिरलं, आणि त्याला कारण ऊन नव्हतं. कारण होतो आम्ही वाचक.

इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी बाईंनी सुट्टीतल्या वाचनाची यादी केली होती. एकूण एक पुस्तक स्वतः वाचून तीन पायऱ्या पाडल्या. पहिलीत ठसठशीत अक्षरं आणि एका पानाआड चित्र, दुसरीत चित्रं कमी आणि गोष्ट मोठी, तिसरीत उशाला घेता येतील असे ठोकळे. वाचनालयाच्या सेक्रेटरींनी खिडकीजवळचं कपाट दिलं, पण अट घालून. "उन्हाळा संपेपर्यंत पुस्तकं हलली नाहीत, तर कपाट जाईल. तिथे थंड पाण्याचं मशीन बसवायचंय."

पहिल्याच दिवशी जो तो थेट तिसऱ्या पायरीवर चढला. सगळ्यांत पुढे कंपाउंडरकाका.

"काका, आधी पहिली पायरी घ्या ना."

"पहिली? अहो बाई, माझे केस बघा! घरी सून विचारेल, चित्रांचं पुस्तक कुणासाठी आणलंत?"

आठ दिवसांनी ठोकळा परत आला. चौथ्या पानात औषधांच्या दुकानाची पावती खूण म्हणून तशीच.

"कसं वाटलं?"

"फार उच्च आहे."

"काय आहे त्यात?"

"ते सांगता आलं असतं तर उच्च कसलं?"

पहिल्या दोन पायऱ्यांवर धूळ बसत चालली. बाई ती रोज पुसायच्या, आणि इतक्या जोरात पुसायच्या की जणू चूक धुळीचीच असावी. शेवटी दोन रविवार घालवून, साडीला डिंक लावून घेऊन, त्यांनी सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. पायरीचा आकडा शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, बारीक. मग काकांच्या हातात न बोलता पहिल्या पायरीचं पुस्तक ठेवलं.

काका दुसऱ्याच दिवशी तणतणत हजर.

"बाई, हे इंग्रजी बनावट आहे."

"का? काय झालं?"

"मला सगळं समजलं! बत्तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचतोय, इंग्रजी कसं असतं ते मला सांगू नका."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग काय सुचलं कोण जाणे, दुसऱ्या पायरीचं एक पुस्तक काढून त्या म्हणाल्या, "हे मात्र कठीण आहे हं. तुम्हाला नाही झेपायचं."

काकांनी ते जवळजवळ हिसकावूनच नेलं. चार दिवसांत वाचून परत आणलं आणि नवं मागितलं. बाई मग प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवू लागल्या. आयुष्यभर गोड बोलून जे झालं नाही, ते एका टोमण्याने झालं, याचाही त्यांना संतापच आला.

उन्हाळा संपला. सेक्रेटरी दोन हमाल घेऊन आले. कपाटात ठोकळे तेवढे उरलेले.

"पुस्तकं कुठायत?"

"लोकांच्या घरी," बाई अभिमानाने म्हणाल्या.

"वा! म्हणजे कपाट रिकामंच आहे की. उचलायला हलकं. चला रे!"

बाई खुर्ची ओढून कपाटाला पाठ लावून बसल्या आणि म्हणाल्या, "आधी सगळी पुस्तकं परत येऊ द्यात. मग न्या खुशाल."

सेक्रेटरींना ते रास्त वाटलं. ते अजून वाट बघतायत. पुस्तकं येतात, पण एक आत ठेवेपर्यंत दुसरं बाहेर पडलेलं असतं. आणि बाई चिडचिड करत कपाटाला पाठ लावूनच बसतात.